नणंदेचे फोटो

"वहिनीची भाकरी कडंला जाड असती," असं नणंद बारशात सगळ्यांसमोर म्हणाली, तेव्हापासून चैतालीचं तिच्याशी बोलणं बंद होतं. नणंदेनं मोबाइलवर टाकलेले फोटो मात्र ती रोज चोरून बघायची. आज तिनं नवऱ्यानं, संघपालनं आणलेला नवा चष्मा डोळ्याला लावला आणि त्याच्याबरोबरची अंगठी बोटात घातली. मोबाइलचा पडदा समोर हवेतच दिसायला लागला. त्याला बोट लागलं की अंगठी बारीक थरथरायची.

नणंदेचे फोटो उघडे ठेवूनच ती भाकऱ्या थापायला बसली. अंगठी सारखी थरथरत होती, पण थापताना हात हलतोच की, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

शेवटची भाकरी तव्यावर असतानाच दोन गल्ल्या पलीकडं राहणारी नणंद दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"वहिनी, माझ्या दीडशे फोटोंना लाइक केलं तुमी. राग गेला म्हणायचा."

संघपालच्या ध्यानात सगळं आलं. तो बायकोच्या कानात म्हणाला, "थापलं की लाइक पडतंय, भाकरी फिरवली की पुढचा फोटो येतोय. आता गप बस."

चैतालीनं चष्मा आणि अंगठी काढून ठेवली आणि ताट वाढलं. नणंद तीन भाकऱ्या जेवली, हात धुतला आणि मायेनं म्हणाली, "कडंला अजून जाडच हाय की."

चैतालीनं चष्मा लावला, अंगठी पुन्हा बोटात घातली, पिठाचा गोळा हातात घेतला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "अहो, भाकरी उलटी फिरवत थापली तर लाइक निघतंय का?"