नवीन औषध

सिस्टर शांतादेवींनी पहिला टाका घातला, तरी दगडाबाईंनी तोंड वाकडं केलं नाही. दुसरा घातला. तिसऱ्याला तर त्या स्वतःच वाकून आपल्या तळहाताकडे बघू लागल्या. तूर कापताना विळा लागून अंगठ्याखाली बोटभर चिरलं होतं.

"बाई, दुखंनाच की! नुसतं वढल्यावानी वाटतंय."

"कडेनं इंजेक्शन दिलं ना मघाशी. तेवढा भाग बधिर होतो."

सासूला धीर द्यायला दीपमाला शेजारी उभी होती. तिला सातवा महिना होता. धीर द्यायची वेळच आली नव्हती.

"माझ्या बाळूच्या येळी न्हवतं असलं काई," दगडाबाई म्हणाल्या. "चोवीस वर्सं झाली. माजलगावाकडं ऊस तोडायला गेलतो आमी. तिथं एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाले. आठ टाके घातले, तसेच. वरडले, तर नर्सबाईनं मांडीवर चापट मारली. म्हनली, तुमच्या लोकांना काय होतंय, तुमाला सवय असती."

शांतादेवींचा हात थांबला. चेहरा आठवेना. वाक्य मात्र त्यांचंच होतं. माजलगावच्या त्या दवाखान्यात नोकरीला असताना कितीतरी जणींना ते ऐकवलं होतं. बधिर करायच्या औषधाची बाटली तेव्हाही कपाटात असायची, पण औषध लागू पडायला चार-पाच मिनिटं थांबावं लागायचं. ज्यांच्या घरचे डॉक्टरांच्या ओळखीचे, त्यांच्यासाठी त्या थांबायच्या.

"हे औषध आता नवीन निघालंय का, बाई?"

"हो," शांतादेवी म्हणाल्या. "नवीनच आहे."

"मंग त्या बाईचा तरी काय दोष? उगंच इतकी वर्सं शिव्या दिल्या मी तिला."

राहिलेले दोन टाके शांतादेवींनी कसेबसे घातले. पट्टी बांधली. गोळ्या कागदात बांधून दिल्या. दगडाबाई सुनेचा हात धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या. आणखी चार पावलं टाकली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"मावशी, थांबा."

दोघी वळल्या.

"औषध तेव्हाही होतं. कपाटातच होतं. मी दिलं नाही." शांतादेवींना मान वर करवेना. "ती नर्स मीच होते."

आता ही बाई सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलेल, असं त्यांना वाटलं. बोललेलं बरं, असंही वाटलं.

दगडाबाईंचा आवाज चढला नाही. त्यात माफीही नव्हती.

"दारातच वळखलं मी तुमाला. म्हनून तर इचारलं. सुनेचं बाळंतपण तुमच्या हाती द्यायचं का न्हाई, तेच बघत होते." मग त्यांनी दीपमालाला पुढं केलं. "बस गं. दे नाव लिवून."