माफीनामा

"फक्त एक सही करा मॅडम, प्रकरण मिटेल," असं म्हणत काढा विकणाऱ्या कंपनीच्या वकिलाने माफीनामा शर्वरीपुढे सरकवला.

त्या काढ्याने मधुमेह बरा होत नाही, त्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद करू नका, एवढंच तिने विज्ञान मासिकात लिहिलं होतं. त्यावरून कंपनीने तिच्यावर आणि मासिकावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. कोर्टाच्या खेपा घालून ती थकली होती, आणि आपल्यापायी संपादक तुंगारेसरांचं मासिक बंद पडेल ही धास्ती वेगळीच. तिने पेन उचललं.

शेजारी बसलेल्या सरांनी तिचा हात धरला. "लेखात काही चुकलंय का गं?"

"नाही, सर."

"मग माफी कसली? तू सही करू नकोस, मीही करत नाही."

न्यायाधीशांनी काढ्याच्या चाचण्यांचे पुरावे मागितले. कंपनी नुसत्या तारखाच मागत राहिली आणि अखेर दावा मागे घेऊन मोकळी झाली.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना सरांनी विचारलं, "पुढच्या अंकाला काय देतेस?"

"गुडघेदुखीवरच्या चुंबकाच्या गाद्यांबद्दल लिहीन म्हणते," ती जरा बिचकतच म्हणाली.

सर खळखळून हसले. "लिही, बिनधास्त लिही. आपल्या वकिलांना मी आजच सांगून ठेवतो."