चेहरा झाकण्याचं काम

फ्रेम १४१२. मावशीने मान वळवली आणि तिची हनुवटी धूसर गोळ्याच्या बाहेर आली. संकलन करणाऱ्या मुलीने, जिला वर्गात सगळे कात्री म्हणत, गोळा किंचित डावीकडे सरकवला.

फ्रेम १४१३. चेहरा आपोआप झाकणारं सॉफ्टवेअर होतं. पण मावशी बोलताना मान इतकी हलवायची की ते मागेच राहायचं. म्हणून ती आणि दिग्दर्शिका तीन दिवस एकेक फ्रेम हाताने झाकत होत्या.

"बाई खरं बोलते, पण एका जागी बसून बोलत नाही," कात्री म्हणाली. दिग्दर्शिका हसली नाही.

फ्रेम १४३०. मावशी वसतिगृहात भांडी घासायची. राहण्याच्या परवान्याच्या कचेरीत दर महिन्याला पाकीट दिलं की तिला परत पाठवायची फाइल हरवायची, नाही दिलं की सापडायची. फिल्म एवढीच होती. सात मिनिटं, एक बाई, एक फाइल. सीमेपलीकडे तिचा नवरा पत्रकं वाटली म्हणून तुरुंगात होता. आपल्याला परत पाठवलं तर तिथे आपलीही सोय झालेली आहे, असं ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली होती.

फ्रेम १४५१. आवाज आधीच बदलला होता. आता मनगटावरचा भाजल्याचा डाग झाकला.

फ्रेम १४८८. निर्मिती सांभाळणारा मित्र दार ढकलून आत आला. घामेजलेला, खुशीत. सरकारी परीक्षण समितीचा शिक्का नसेल तर फिल्म कॉलेजच्या सभागृहातही दाखवता येत नसे. फिल्म परवा द्यायची होती, कागद त्याने काल दिले होते आणि समितीने ते पहिल्याच फटक्यात ठेवून घेतले. दुसऱ्या दोन गटांना कागद अपुरे म्हणून हात हलवत परत यावं लागलं. आपला एकही कमी नव्हता.

दिग्दर्शिकेने विचारलं, कुठले कुठले दिले. त्याने बोटांवर मोजले. पटकथा. चित्रीकरणाची परवानगी. आपल्या तिघांची ओळखपत्रं. मावशीचं संमतीपत्र.

कात्रीने खुर्ची वळवली. "त्यावर तिचं नाव आहे."

"नाव, पत्ता, सही, सगळं आहे. त्याशिवाय घेतातच कुठे?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली आला.

संमतीपत्राशिवाय कुणाचाही चेहरा वापरायचा नाही, हे पहिल्या वर्षापासून तिघांनी घोकलं होतं. दिग्दर्शिकेनेच ते भरून घेतलं होतं. मावशीने हात पुसले, जीभ दातात धरली आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. पाकीट न मागता समोर आलेला इथला हा पहिलाच कागद, असंही म्हणाली.

फ्रेम १४८९. तो म्हणाला, आत्ता जातो, फाइल परत मागतो. पण तो गेला नाही. पडद्यावर मावशीला डोळे नव्हते, तोंड नव्हतं.

दिग्दर्शिकेने मावशीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका पुरुषाने उचलला. आवाज अगदी सभ्य होता.

"मावशी आहे का?"

"शूटिंगवाल्या ताई ना? आहे, आहे. बोला पटकन. चपला घालतेय, आमच्याबरोबर कचेरीत यायचंय तिला."