बोलावणं

“काकू, तिकडून बोलावल्याचं पत्र लागतं,” व्हिसाच्या खिडकीपलीकडची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

हौसाक्कांना काही उमगेना. फोटो दिले, विमा दिला, तिकडच्या लढाईत बरंवाईट झालं तर जबाबदारी माझीच, असंही लिहून दिलं. आता हे पत्र कुठलं? लेकीला सातवा लागलेला, जावई तिथल्या दवाखान्यात डॉक्टर, त्याला सुट्टी नाही. पोटुशी लेक बाँबच्या आवाजात एकटी निघणार कशी?

“आणि प्रवासाच्या कारणात हे काय लिहिलंय? मुराळी?”

“सासरहून लेकीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. भाऊ जातो. हिला भाऊ नाही, म्हणून मी निघाले. मुराळ्याला कधी कुणी पत्र धाडतं का गं?”

मुलीला हसू आलं. “बरं, लेकीचं काहीतरी लेखी दाखवा.”

हौसाक्कांनी पिशवीतून फोन काढला. कालचाच निरोप होता: ‘आई, मी बरी आहे. तू येऊ नकोस.’

“अहो, ही तर नको म्हणतेय!”

“लग्न झालंय ना तुझं? सासरी अंगात ताप असला, तर आईला काय कळवतेस?”

मुलीनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग कागद ओढून म्हणाली, “इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मी करते.”

तिनं लिहिलं, शिक्का मारला. हौसाक्कांना अक्षरं कळेनात. “काय लिहिलंस बाई?”

“तिनं लिहिलंय तेच, काकू. ‘आई, लवकर ये.’”