उभ्यानं पँट

"मॅडम, हे ताई ची किती शिकलं की उभ्यानं पँट घालता येते?" बागेतल्या, तोल सांभाळायला शिकवणाऱ्या संथ चिनी व्यायामाच्या वर्गात पहिल्याच दिवशी नाना सरपोतदारांनी विचारलं. आम्ही म्हातारी मंडळी खो खो हसलो. पण असं का विचारलं असेल, याचं कुतूहल मला काही सोडेना.

नानांना भारी घाई. आमचे हात तरंगत जात, त्यांचे आधीच पोचून थांबलेले असत. "अहो, गाडी सुटत नाहीये!" त्यांच्या बायकोचा टोमणा. शेवटी वहिनींनीच मला सांगितलं, न्हाणीघरात पडल्यापासून नानांना पँट त्याच चढवतात, आणि नानांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा नाना डुलत आले. पँट उलटी, खिसे बाहेर लोंबत होते.

"वहिनी, सांगायचं नाही का?" मी कुजबुजले.

"स्वतः घातलीय त्यांनी. खबरदार कुणी हसाल तर!"