बिनसावलीची माणसं

साल अडुसष्ट. चौकाचौकात भोंगे बसले ते त्याच वर्षी, आणि भिंतीभिंतीवर तिच्या बाबांनी काढलेली सरकारी पोस्टरं लागली तीही त्याच वर्षी. भर उन्हात उभी हसतमुख माणसांची लांबलचक रांग, वर ठळक अक्षरं : ‘रांगेत राहा, सुखात राहा.’

ती तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. सरकारची हुजरेगिरी एक वेळ पोटासाठी म्हणून खपून गेली असती. पण चष्मेवाल्या मैत्रिणीनं भर वर्गात विचारलं, “काय गं, तुझ्या बाबांची माणसं भुतं आहेत का? डोक्यावर एवढं ऊन, आणि पायाशी सावलीच नाही!”

वर्ग खो खो हसला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच ती कडाडली, “बाबा, निदान चित्र तरी नीट काढा!”

बाबा ब्रश धूत होते. “जेवून घे,” एवढंच म्हणाले.

त्यांनाही आपल्या कामाची लाज वाटत असावी. रस्त्यानं ते खाली मान घालून चालत. भिंतीवर लागलेलं आपलं पोस्टर कधी बघत नसत.

पुढच्या चित्रापासून छापखान्यात पोचवायचं काम तिनं मागून घेतलं. “कॉलेजला जाता जाता देईन.” पोरीचा राग निवळला म्हणून बाबा खूश झाले. हळूहळू वर्गातलं हसणंही थांबलं.

सरकार पडलं, भोंगे उतरले, तेव्हा तिचं शिक्षण संपत आलं होतं. नव्या लोकांनी चौकशी समिती बसवली. हुजरे ठरलेल्या चित्रकारांना पुन्हा कुठे काम मिळणार नव्हतं. बाबांना बोलावणं आलं. ती सोबत गेली, मागच्या बाकावर बसली.

“तुमचं काही म्हणणं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

बाबा कधी नव्हे ते ताठ उभे होते. “माझ्या माणसांच्या पायाशी बघा, बाई. एकालाही सावली नाही. नुसती मान डोलावणारा माणूस जिवंत कसला? तोंडानं बोलायची सोय नव्हती, म्हणून भिंतीवर बोललो.”

गठ्ठा सोडून पोस्टरं टेबलावर पसरली.

“सावल्या तर आहेत की हो,” बाई म्हणाल्या. “पहिलं एक सोडलं तर सगळीकडे. आणि काय सुरेख आहेत!”

बाबांनी एक पोस्टर उचलून उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

“आठवण दगा देते हल्ली,” ते म्हणाले. “मीच काढल्या असतील.”

बाबांचा ब्रश सुटला तो कायमचा. शेवटपर्यंत ते एका गोदामात खोक्यांवर शिक्के मारत होते. अध्यक्षबाई पुढे मंत्री झाल्या. चष्मेवालीनं लग्नानंतर चित्रकला सोडली. ती मात्र मोठी चित्रकार झाली. तिच्या सावल्यांना तोड नाही, असं लोक आजही म्हणतात. कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की ती विषय बदलते. छापखान्याच्या वाटेवर एक बाग होती. तिथल्या बाकावर, मांडीवर बाबांचं चित्र घेऊन ती शिकली.