वाणाचं लिंबू

हॉस्पिटलच्या यंत्राने छापून दिलेली जंतूची वंशावळ मुठीत चुरगाळत प्रमिला शेटे तरातरा कुंदाताईंच्या गच्चीवर चढली.

“आमच्या बाल्कनीतल्या लिंबाचा एवढासा काटा ह्यांना टोचला आणि आज सकाळी बोट कापावं लागलं! एक औषध लागू पडेना. जंतू औषधांना कुठे सरावला तेही आता यंत्र सांगतं. तुमच्या लिंबावर! काय फवारलंत त्याच्यावर?”

“अगं, पानांवर खैऱ्या रोगाचे डाग पडले होते,” कुंदाताई म्हणाल्या. “जावयाच्या औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, पाण्यात विरघळवून फवारल्या. बघ ना, पानं कशी तकतकीत झालीत.”

“डागाळलेल्या लिंबाचं लोणचं झालं नसतं? एक फांदी छाटायचं जिवावर आलं, म्हणून माणसांची औषधं झाडाला पाजलीत?”

कुंदाताईंनी चष्मा लावून कागद सरळ केला.

“वंशावळीत पहिलं घर माझंच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण त्याखाली तुझं आहे, प्रमिला. संक्रांतीला वाण म्हणून लिंबाचं रोप दिलं, त्यासोबत झाडाचं औषध म्हणून ह्याच गोळ्यांची पुडी होती. तू फवारलीस ना?”

प्रमिलाने कागद ओढून घेतला. तिने फवारलं होतं. दर रविवारी, न चुकता.

“किती जणींना लुटलंत हे वाण?”

“चाळीस.”

प्रमिला धावतच जिना उतरली आणि तिने पहिल्या दाराची बेल दाबली.

“थांबा हं,” आतून उत्साहाने आवाज आला, “आज रविवार ना, लिंबावर फवारतेय!”